माळ, ऊन आणि तैलरंग : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात, रस्त्याकडेला इझल लावून उभी असताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला साधारण हेच प्रश्न विचारले जातात. उभ्या-उभ्या दिलेली उत्तरं अर्धी राहतात, म्हणून इथे सावकाश लिहिली आहेत. मी सोलापूरची, पूर्व भागातली. २६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता पूर्ण वेळ इम्प्रेशनिस्ट पद्धतीची निसर्गचित्रं रंगवते.

तुमचं चित्र जवळून पाहिलं की नुसते रंगाचे फटकारे दिसतात. ते अपुरं आहे का?

नाही. चार पावलं मागं या आणि पुन्हा बघा. जवळून जो निळा, गुलाबी आणि पिवळा गोंधळ वाटतो, त्याची लांबून मुरमाची पायवाट होते. हे रंग मी पॅलेटवर घोटून एक करत नाही. ते कॅनव्हासवर शेजारी-शेजारी ठेवते आणि एक करायचं काम तुमच्या डोळ्यांवर सोपवते. घोटलेला रंग मरतो. शेजारी ठेवलेला जिवंत राहतो.

इम्प्रेशनिस्ट म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'दृक्‌प्रत्ययवाद' असा शब्द आहे. जड वाटतो, पण फोडला की सोपा आहे. डोळ्याला जो प्रत्यय आला, तो रंगवायचा. झाडाचा बुंधा तपकिरी आणि पानं हिरवी, ही माहिती आपल्याला लहानपणापासून असते. ती बाजूला ठेवायची आणि या घटकेला, या उजेडात कोणता रंग दिसतो तेवढंच बघायचं. संध्याकाळी साडेसहाला कडुनिंबाचा बुंधा नारिंगी दिसत असेल तर तो नारिंगी रंगवायचा.

नावाचा इतिहास असा. पॅरिसमध्ये सरकारमान्य 'सलोन' प्रदर्शनाचा दबदबा होता. तिथे वारंवार नाकारले गेलेले आणि त्या पद्धतीला कंटाळलेले तीसएक चित्रकार एकत्र आले आणि १५ एप्रिल १८७४ रोजी त्यांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन उघडलं. मोने, पिसारो, रेन्वार, सिस्ले, देगा आणि बर्थ मोरिझो त्यात होते. क्लोद मोनेच्या एका चित्रात ल आव्र बंदरावरची धुक्यातली पहाट होती. त्याचं नाव 'इंप्रेशन, सनराइज'. लुई लरुआ या समीक्षकाने तोच शब्द पकडून सगळ्यांची टर उडवली आणि टवाळीचा शब्द पुढे त्यांचं नाव झाला. १८८६ पर्यंत त्यांची ८ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत भाग घेणारा एकटा पिसारो. मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. नांगरलेली जमीन, कोबीचं शेत, बाजाराला निघालेल्या बायका, असं साधंसुधं त्याने आयुष्यभर मन लावून रंगवलं.

यामागे एक अगदी साधी वस्तू आहे, ती म्हणजे रंगाची ट्यूब. पूर्वी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवी फुटायची, रंग सुकायचा. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येईल अशी कथलाची ट्यूब काढली आणि तैलरंग खांद्यावरच्या पेटीतून शेतात नेता येऊ लागले. मी रिक्षातून हिप्परगा तलावावर जाते, तेव्हा माझ्या पिशवीत तीच ट्यूब असते.

सोलापुरात रंगवण्यासारखं आहे तरी काय? ना डोंगर, ना समुद्र.

हा प्रश्न मला लागतो. बाहेरचे विचारतातच, पण आपलेच लोक जास्त विचारतात. म्हणून याचं उत्तर लांब देते.

डोंगर नाही, म्हणून आकाश आहे. माझ्या बहुतेक चित्रांत क्षितिज अगदी खाली असतं आणि वरचा तीन चतुर्थांश कॅनव्हास आकाशाचा. आपला भाग पर्जन्यछायेतला. जूनमध्ये ढग येतात, वाकुल्या दाखवून जातात, आणि खरा जोर सप्टेंबरात लागतो. या चार महिन्यांत आकाशात जे घडतं, ते बघायला मी जन्मभर पुरणार नाही. एका बाजूला शिशासारखा करडा पट्टा, त्याखाली उन्हात पेटलेला पिवळा माळ, आणि मध्ये एकच बाभूळ. जमीन आकाशापेक्षा उजळ दिसण्याचा हा प्रकार आपल्याकडे दर पावसाळ्यात घडतो.

मुरूम सकाळी सातला गुलाबी असतो, दहाला फिका पिवळा, दुपारी जवळजवळ पांढरा आणि मावळतीला विटकरी. काळी जमीन 'काळी' कधीच नसते. पावसानंतर तिच्यात जांभळा उतरतो आणि ढेकळांच्या कडांवर आकाशाचा निळा बसतो. पावसाळा सरता-सरता माळावर तरवड फुलतो. त्याचा पिवळा ट्यूबमधून सरळ काढावा इतका शुद्ध असतो. पुढे हुरड्याच्या दिवसांत जोंधळ्याचं शेत निळसर हिरवं दिसतं. कणसं भरून पानं वाळली की त्याच शेतात गव्हाळ रंग चढतो.

आणि कडब्याच्या गंजी! मोनेने १८९० आणि ९१ मध्ये आपल्या घराजवळच्या शेतातल्या गंजी रंगवल्या. सकाळी, दुपारी, बर्फात, मावळतीला, अशी २५ च्या आसपास चित्रं. त्याच्या गंजी गव्हाच्या, आपल्या जोंधळ्याच्या. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मार्चमध्ये जाऊन बघा. गंजीच्या एका अंगाला लोण्यासारखा उजेड आणि दुसऱ्या अंगाला निळीची छटा. मी एकाच गंजीची ९ चित्रं केली. दहाव्या दिवशी मालकाने कडबा विकला आणि गंज गेली. त्यांची चूक नाही. जनावरं चित्रावर जगत नाहीत.

गावातही कमी नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटाचा दगड, सिद्धेश्वर तलावातलं मंदिराचं हलतं प्रतिबिंब, कंबर तलावातली कमळं, नान्नजकडे जाताना लागणारं गवताळ रान. आणि गिरण्यांच्या चिमण्या. त्यांच्याकडे बघताना मला नुसता आकार दिसत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता.

घरात कोणी चित्रकार होतं का?

नाही. घरात माग होते. आम्ही विणकर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, असं सोलापुरी बालपण. पुढच्या खोलीत ४ यंत्रमाग, मागच्या खोलीत आम्ही सहा जणं. नान्ना, म्हणजे वडील, चादरी विणायचे. आई कांड्या भरायची आणि उरलेल्या वेळात विड्या वळायची. मागांचा खडखडाट इतका असायचा की आम्ही भावंडं खुणांनी बोलायला शिकलो. लोकांच्या हातांकडे आणि चेहऱ्यांकडे नीट बघायची सवय मला तिथे लागली असावी.

चौथीत असताना मी वहीत चादरीवरचा मोर काढला. नान्नांनी तो बघून एकच विचारलं, "याला किती रंगांचं सूत लागेल?" मी म्हटलं, सात. ते म्हणाले, तीनमध्ये करून दाखव. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा दिल्या, ए.टी.डी. हा कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला आणि शाळेत लागले. मी चित्रकार व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. कलाशिक्षिका झाले, पगार सुरू झाला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मी त्यांना दोष देत नाही. मंदीत माग भंगाराच्या भावाने गेलेले त्यांनी पाहिले होते.

तीन रंगांतला मोर अजून माझ्याकडे आहे.

विणकामाचा आणि तुमच्या चित्रांचा काही संबंध आहे का?

आहे. तो मला उशिरा कळला आणि कळला त्या रात्री झोप लागली नाही.

मिशेल यूजीन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळं सूत फिकं दिसतं, अशी तिथे तक्रार आली. त्यांनी रंग तपासला तर तो पक्का होता. दोष शेजारच्या धाग्याचा निघाला. निळ्या-जांभळ्या सुताशेजारी ठेवलं की तेच काळं मलूल दिसायचं. त्यावरून त्यांनी रंगांच्या शेजारधर्माचे नियम शोधले आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नारिंगी आणि निळा, लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा शेजारी आले की दोघंही जास्त तेजाळतात. नव्या चित्रकारांच्या पिढीने हे ज्ञान उचललं.

म्हणजे ज्या रंगविचारावर ही चित्रकला पोसली, त्याचा एक झरा मागावर आहे. आणि हे नान्नांना माहीत होतं! उभा धागा लाल आणि आडवा हिरवा घातला तर कापड लांबून वेगळंच दिसतं, हे ते बोटाने दाखवायचे. "लाल थोरला नाही, हिरवा धाकटा नाही. शेजारी कोण बसलंय ते बघ." हे त्यांचं बोलणं मी कुठल्याही कलाशाळेतल्या धड्याइतकंच मोलाचं मानते.

तुमच्या सावल्या जांभळ्या का असतात? काळा रंग वापरत नाही का?

पॅलेटवर काळा ठेवतच नाही. उन्हाच्या वेळी भिंतीची सावली नीट बघा. तिथे सूर्य पोचत नाही, पण आकाश पोचतं. आकाशाचा निळा उजेड सावलीत सांडतो, आणि मुरमाचा तांबडा त्यात मिसळला की जांभळट छटा येते. पावसाने हवा धुतल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सावल्या सर्वांत निळ्या असतात. एप्रिलमध्ये धुळीने आकाश पांढुरकं होतं, तेव्हा त्याच सावल्या मळकट उबदार दिसतात. मेमध्ये आणखी एक गोष्ट घडते. १० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच विरते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. सावलीच नसलेलं चित्र रंगवायला फार कठीण. मला ते अजून नीट जमलेलं नाही.

एका चित्राला किती वेळ लागतो?

जागेवर दीड तास, फार तर दोन. त्यानंतर उजेड बदलतो आणि मी दुसरंच चित्र रंगवायला लागते. पुरं झालं नाही तर कॅनव्हास झाकून घरी आणते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, आकाश तसंच असेल तर, परत जाते. हिप्परगा तलावाचं एक चित्र असं तीन वर्षांत पुरं झालं. बसले सगळी मिळून सहाच वेळा, पण तसा ढग यायला तेवढी वर्षं लागली.

४२ अंशांत कसं रंगवता?

साडेपाचला उजाडायच्या आत जागेवर. नऊला परत. मोठी छत्री, पण रंगीत नाही, कारण लाल छत्रीखाली अख्खं चित्र लाल होतं. पाणी, गूळ, शेंगाचटणी-भाकरी. कॅडमियमचे रंग विषारी असतात, म्हणून हात घासून धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. ॲक्रिलिक मी उन्हाळ्यात सोडलंच. पॅलेटवर दोन मिनिटांत त्याची साल होते.

तैलरंगाचा धीर वेगळा. त्यात जवसाचं तेल असतं. हो, आपल्या चटणीतल्या जवसाचं. ते पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्यामुळे काही दिवस रंग ओला राहतो. इथल्या वाऱ्यात त्यावर धूळ बसते, हा त्याचा तोटा. एकदा वावटळीने माझा कॅनव्हास उचलून मुरमावर पालथा पाडला. मी रडले. मग थोडे खडे सुरीने काढले, बाकीचे तसेच राहू दिले. पुढे वाचलं की मोनेच्या १८७० मधल्या, त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या एका चित्रात वाळूचे कण सापडले आहेत. माझं ते खडे रुतलेलं चित्र मी आता विकायचं नाही असं ठरवलंय.

कोणते रंग वापरता?

टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिम्झन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्ल्यू, व्हिरिडियन. बास, आठ. ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे, आणि एक सुरी. कॅनव्हास पांढरा ठेवत नाही. आधी पातळ ऑकर फासून सुकवते. पांढऱ्यावर इथल्या उन्हात डोळे दिपतात.

फोटोवरून का रंगवत नाही?

फोटोत सावली काळी येते आणि आकाश पांढरं. मला जे हवं असतं, ते नेमकं त्या दोन ठिकाणी असतं. आठवणीसाठी फोटो काढते, पण रंग त्यावरून घेत नाही. फोटोवरून काम करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. माझा रस्ता तो नाही, इतकंच.

एकटी बाई माळावर उभी राहते. भीती नाही वाटत?

सुरुवातीला वाटायची. आता मेंढपाळ ओळखतात. एक आजोबा दरवेळी मागे येऊन उभे राहतात, पाच मिनिटं काही बोलत नाहीत आणि मग म्हणतात, "ती म्हस राहिली की ओ तुमची." आणि म्हैस खरंच राहिलेली असते. तरी अनोळखी जागी मी एकटी जात नाही. घरी ठिकाण सांगून निघते आणि अंधाराआधी परतते. नवशिक्या मुलींनी हे जरूर पाळावं.

त्रास एकदाच झाला, तोही माळावर नाही. एका दालनात माझी चित्रं मांडायला नेली, तर तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "सर, तुमची किती चित्रं आहेत?" नवऱ्याने ब्रश कधी धरलेला नाही. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

तुम्ही कोणाकडून शिकलात?

पुस्तकांतून पिसारोकडून. आपल्या लोकांत कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडून. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाचा परिसर आयुष्यभर रंगवत राहिले. मोठ्या शहराकडे पाठ करून एका तळ्यापाशी थांबण्यात केवढी ताकद आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या निसर्गचित्रांतला उजेडही मी पुन्हा-पुन्हा बघते. एम. एफ. हुसेन यांचा जन्म आपल्या पंढरपूरचा, म्हणून त्यांचं नाव नेहमी निघतं. त्यांची रेषा थोर, पण माझी वाट रंगाची.

सिद्धेश्वर मंदिराचं चित्र सांगून करून मिळेल का?

मिळेल, पण वेळ आणि ऋतू मी निवडणार. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वज निघतात तेव्हा, गर्दीत उभं राहून मी छोटी रेखाटनं करते. त्यावरून मोठं चित्र होतं. कळसावरचा प्रत्येक खण मोजून हवा असेल तर माझ्याकडे येऊ नका. पाण्यातलं मंदिर वाऱ्याने थरथरतं, ते हवं असेल तर या.

किंमत कशी ठरवता?

आकारावर. चित्र मला किती आवडतं यावर नाही, नाहीतर चांगली चित्रं कधीच जाणार नाहीत. घासाघीस करत नाही, पण शिक्षकांना हप्ते बांधून देते. सोलापुरात चित्रं विकली जातात का, असं लोक कुजबुजून विचारतात. जातात. डॉक्टर घेतात, चादरीचे व्यापारी घेतात, आणि गिरणीतल्या एका निवृत्त जॉबरने, म्हणजे मुकादमाने, गिरणीच्या चिमणीचं चित्र घेतलं. त्या दिवशी आम्ही दोघंही बराच वेळ गप्प बसलो होतो.

घरी नेल्यावर काळजी काय घ्यायची?

स्वयंपाकघराच्या भिंतीवर नको, फोडणीचा धूर बसतो. थेट ऊन नको, पण कपाटातही नको, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. ओल्या फडक्याने कधीही पुसू नका, मऊ कोरडा ब्रश फिरवा. सहा महिने ते वर्ष झालं की घेऊन या, वार्निश करून देईन. आधी करता येत नाही, आतला रंग पुरता सुकलेला नसतो.

मुलगी चित्रकार व्हायचं म्हणते. काय करावं?

तिला रोज अर्धा तास बघायला शिकवा. ग्रेड परीक्षा देऊ द्या, पण त्यातल्या गुणांवर तिचं मोजमाप करू नका. पोटापाण्याची सोय हवी, हे मी स्वतः नोकरी करून जगलेली बाई म्हणून सांगते. २६ वर्षं मी शाळा सुटल्यावर आणि रविवारी रंगवलं. त्याने चित्र थांबत नाही. 'हे सोड' असं घरातल्यांनी रोज म्हटलं की मात्र थांबतं.

मोतीबिंदू झाल्यावर रंग बदलले का?

हो, आणि कुणी विचारलं की मला बरं वाटतं. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पांढरा टॉवेल एका डोळ्याने निळसर आणि दुसऱ्याने चहा सांडल्यासारखा दिसला. पिकलेलं भिंग निळा उजेड अडवतं, ते काढलं की निळा परत येतो. मोनेचंही ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं. मी माझी मागच्या चार वर्षांची चित्रं भिंतीला लावून बघितली. आकाशं पिवळटली होती, मलाच कळलं नव्हतं. एकही दुरुस्त केलं नाही. तेव्हा मला माळ तसाच दिसत होता. उजवा डोळा अजून व्हायचा आहे.

तुमच्यासोबत रंगवायला येता येईल का?

येता येईल. रविवारी सकाळी निघतो, चार-पाच जण असतात, फी नाही. चित्र येत नसेल तरी चालेल. दोन बाटल्या पाणी आणि टोपी आणा. पांढरा सदरा मात्र घालू नका, त्याचा उजेड ओल्या कॅनव्हासवर पडतो आणि रंग कळत नाही.